शेठ वालचंद हिराचंद

ज्या वस्तूंचा आपणांस नित्य उपयोग घडतो, त्यांच्या कर्त्यांचें स्मरण आपणांस क्वचितच होतें. नळाची तोटी फिरविली कीं पाणी येतें. तिकीट काढून गाडींत बसलें कीं घाट ओलांडून आपण मुंबईस पोंचतों. तें पाणी कोणत्या नळांतून आलें, तो डोंगर कोणीं पोखरला, वाटेंतील पुलाचा पाया नदीच्या तळाखालीं किती खोल गेला आहे, याचा विचार करण्याचें कारणच आपणांस पडत नाहीं. बांधकामाचा धंदाच असा आहे कीं, काम जितकें चोख, तितकी लोकांस त्याची आठवण कमी. पूल पडला म्हणजे सर्वांस तो आठवतो. उभा राहिला म्हणजे कोणी त्याचें नांवहि घेत नाहीं.

सांगलीस विश्रामबागेंत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथें प्रवेश मिळावा अशी इच्छा सातारा-सांगलीकडील पुष्कळ मुलांच्या मनांत असते, आणि त्यांच्या आईबापांच्या मनांत ती त्याहून अधिक असते. परंतु ज्यांचें नांव त्या महाविद्यालयास दिलेलें आहे ते वालचंद कोण, असें विचारल्यास त्यांपैकीं थोड्यांसच नीट उत्तर देतां येईल. म्हणून त्यांचें अल्प चरित्र वाचकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यांच्या उद्योगांचा पसारा फार मोठा होता. तो सर्व येथें मावणार नाहीं. ज्या बांधकामाच्या धंद्यानें त्यांच्या आयुष्यास वळण लागलें, त्यावरच आम्ही विशेष भर देणार आहोंत.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजीं सोलापूर येथें झाला. त्यांचें घराणें मूळचें सौराष्ट्रांतील वांकानेरचें. व्यापाराच्या निमित्तानें त्यांचे पूर्वज महाराष्ट्रांत आले, आणि सातारा जिल्ह्यांतील फलटण येथें राहून पुढें सोलापुरास स्थायिक झाले. वडील हिराचंद नेमचंद हे सावकारी व कापसाचा व्यापार करीत. परंतु ते नुसते व्यापारी नव्हते. दिगंबर जैन समाजांत विद्येचा प्रसार व्हावा म्हणून त्यांनीं ‘जैन बोधक’ हें पत्र चालविलें, आणि समाजसुधारणेसाठीं पुष्कळ खटपट केली. वालचंदांच्या जन्मानंतर लवकरच त्यांची आई निवर्तली, व त्यांचें संगोपन घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांनीं केलें.

सोलापूरच्या सरकारी हायस्कुलांतून १८९९ सालीं ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढें मुंबईचें सेंट झेविअर्स आणि पुण्याचें डेक्कन या दोन महाविद्यालयांत त्यांनीं अध्ययन केलें. विषय होते इतिहास व अर्थशास्त्र. अभियांत्रिकीचें शिक्षण त्यांनीं कधींच घेतलें नाहीं, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

महाविद्यालय सोडून ते घरच्या पेढीवर बसले. पण व्याजाचे हिशेब आणि कापसाचे भाव यांत त्यांचें मन रमेना. अशा वेळीं लक्ष्मण बळवंत फाटक या गृहस्थांशीं त्यांची गांठ पडली. फाटक हे रेल्वेंत कारकून होते. पगार ठरलेला, नोकरी कायमची. परंतु ती सोडून त्यांनीं रेल्वेचीं कंत्राटें घेण्याचा मार्ग पत्करला होता. फाटकांपाशीं कामाची माहिती होती, पण भांडवल नव्हतें. वालचंदांपाशीं घरची पत होती, पण कामाची माहिती नव्हती. दोघे भागीदार झाले, आणि ‘फाटक आणि वालचंद’ या नांवाची पेढी उभी राहिली. एक ब्राह्मण कारकून व एक जैन सावकारपुत्र यांनीं माती-दगडाच्या धंद्यांत उतरावें, हें त्या काळच्या पुष्कळांस विपरीत वाटलें असल्यास नवल नाहीं. कारकुनी हीच प्रतिष्ठा अशी समजूत तेव्हां सर्वत्र होती, आणि ती आज अगदींच नाहींशी झाली आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं.

बार्शी लाइट रेल्वे ही त्यांच्या पहिल्या कामांची जागा. अडीच फूट रुंदीच्या या लोहमार्गाची योजना एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्यानें केली होती, व त्याचा पहिला भाग १८९७ सालीं सुरू झाला. वजन सर्व आंसांवर सारखें वांटलें जावें, आणि कोणत्याहि आंसावर पांच टनांपेक्षां अधिक भार पडूं नये, असा कॅलथ्रॉपचा नियम होता. हा नियम समजला म्हणजे लोहमार्ग कसा उभा राहतो हेंहि समजतें. इंजिनाचा भार चाकांच्या लहानशा टेंकावर एकवटलेला असतो. चाक तो रुळावर टाकतें, रूळ स्लीपरांवर पसरवितो, स्लीपर खडीच्या थरावर, आणि खडी खालच्या मातीच्या भरावावर. पायरीपायरीनें भार पसरत जातो, आणि शेवटीं भुईस सोसवेल इतका सौम्य होतो. खडी ओबडधोबड व टोंकदार असते तीहि उगीच नव्हे. गोल गोटे एकमेकांवरून घसरतात. फोडलेल्या खडीचे कंगोरे एकमेकांत अडकून बसतात, आणि पावसाचें पाणी त्यांच्या फटींतून निघून जातें.

सोलापुराकडील काळी माती ही या कामांतील मोठी अडचण. शेतकऱ्यास ती सोन्यासारखी, पण बांधणाऱ्यास वैरीण. पावसाळ्यांत ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यांत आकसते व तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कृष्णाकांठच्या मळ्यांतहि हें दृश्य आपण पाहतोंच. अशा मातीवर पाया तसाच ठेवला तर भिंत वर्षांतून दोनदां हलते. म्हणून शहाणा बांधणारा काळी माती काढून खालीं मुरूम लागेपर्यंत जातो, किंवा बाहेरून मुरूम आणून थराथरानें धुमस करून घालतो. वालचंद हें सर्व पुस्तकांतून नव्हे, तर कामावर उभे राहून शिकले.

येथें कंत्राट म्हणजे काय हें सांगणें अवश्य आहे. अभियंता कामाचा नकाशा करतो, लागणाऱ्या मालाचा व मजुरीचा अंदाज काढतो. कंत्राटदार तें काम अमुक दरानें व अमुक मुदतींत करून देण्याचा करार करतो. काम होत जाईल तसतशीं मापें वहींत लिहिलीं जातात, व मापांप्रमाणें पैसे मिळतात. मुरूम अपेक्षेपेक्षां खोल निघाला, ऐन हंगामांत मजूर गांवीं परत गेले, किंवा अवकाळी पावसानें भराव वाहून गेला, तर तोटा कंत्राटदाराचा. अशा वेळीं तोटा भरून काढण्याचा एक सोपा मार्ग नेहमींच मोकळा असतो. जें पुरलें जाणार आहे, ज्यावर माती पडणार आहे, तें थोडें हलकें करावें. कोणास दिसत नाहीं. या मोहांत जो पडला तो एका कामांत पैसा मिळवितो, पण दुसरें मोठें काम त्यास मिळत नाहीं. लहान कंत्राटांपासून आरंभ करून मोठ्या कंत्राटांपर्यंत वालचंदांची पेढी चढत गेली, हीच त्यांच्या कामाची साक्ष.

मोठीं कंत्राटें त्या काळीं बहुधा युरोपियन कंपन्यांकडे जात. हिंदी माणसानें त्यांच्या हाताखालीं माती ओढावी, दगड पुरवावा, फार तर लहानशी मोरी बांधावी. बोगदा, मोठा पूल, शहराचा पाणीपुरवठा हीं त्याच्या आवांक्याबाहेरचीं कामें, असा समज रूढ होता. हा समज तोंडी वादानें खोडतां येण्यासारखा नव्हता. त्यास उत्तर एकच, तें म्हणजे काम करून दाखविणें. वालचंदांच्या पुढील आयुष्याचें सारें सूत्र या एका गोष्टींत आहे.

१९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत पेढीस लष्करी बांधकामें मिळालीं व तिचें बळ वाढलें. १९२० सालीं टाटांच्या सहकार्यानें टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली, आणि १९२६ सालीं वालचंदांनीं हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना केली. आतां ज्या कामांस हात घालण्याचें धैर्य पूर्वीं झालें नसतें, तीं कामें समोर आलीं. त्यांपैकीं बोरघाटांतील बोगद्यांचें काम विशेष प्रसिद्ध आहे.

बोरघाटांतून आगगाडी प्रथम १८६३ सालीं गेली. तो मार्ग तयार करतांना पटकी, ज्वर व अपघात यांनीं हजारों मजुरांचे बळी घेतले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानांत आल्यावर थोड्याच दिवसांत १८५९ सालीं मरण पावला, आणि त्याची पत्नी अॅलिस हिनें तें कंत्राट पुढें चालवून कामाची तड लावली. तथापि त्या मार्गांत एक वैगुण्य राहिलें होतें. चढ फार उभा असल्यामुळें एका जागीं गाडी थांबवावी लागे, इंजिन काढून दुसऱ्या टोंकास लावावें लागे, आणि मग गाडी उलट दिशेनें पुढचा चढ चढे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत नवे बोगदे पाडून हा मार्ग सरळ करण्यांत आला. या बोगद्यांचें काम वालचंदांच्या कंपनीनें केलें.

सह्याद्रीचा खडक हा अग्निजन्य काळा पाषाण. साताऱ्याचा अजिंक्यतारा ज्याचा, त्याच जातीचा. तो कठीण असतो ही गोष्ट खरी, परंतु सर्वत्र सारखा नसतो. लाव्हारसाचे थर एकावर एक बसून तो झालेला असल्यामुळें दोन थरांच्या मध्यें कोठें मऊ माती सांपडते, कोठें पाण्याचा झरा लागतो. बोगदा पाडतांना खडकांत ठराविक अंतरावर भोकें पाडतात, त्यांत सुरुंगाची दारू ठासतात, माणसें दूर नेऊन बत्ती देतात. धूर निघून गेल्यावर सैल झालेले दगड पहारीनें पाडून राडारोडा बाहेर काढतात, आणि पुन्हां भोकें पाडूं लागतात. असें कांहीं हात पुढें जावें, मग मापणी करावी. दोन बाजूंनीं खोदीत आलेले बोगदे डोंगराच्या पोटांत एकमेकांस बिनचूक मिळावे लागतात; वीतभर चूक झाली तरी रूळ वांकडा होतो. म्हणून तेथें पहारीइतकेंच महत्त्व ओळंब्याचें, पाणसळीचें व दुर्बिणीच्या यंत्राचें असतें.

जेथें खडक ठिसूळ असेल तेथें आंतून कमानीचें अस्तर द्यावें लागतें. कमान ही मोठी शहाणपणाची युक्ति आहे. दगडास दाबलें तर तो पुष्कळ सोसतो, ताणलें तर लवकर तुटतो. कमानींत प्रत्येक दगड शेजारच्या दगडास दाबून धरतो, वरचा भार दोन्ही बाजूंस उतरत पायथ्यापर्यंत जातो, आणि ताण कोठेंच उत्पन्न होत नाहीं. माथ्यावरचा शेवटचा दगड बसेपर्यंत मात्र ती स्वतः उभी राहूं शकत नाहीं. तोंवर तिला खालून लाकडी आधार द्यावा लागतो. अस्तर व डोंगर यांच्या मधली पोकळी नीट भरली आहे कीं नाहीं, हें गाडींत बसलेल्या उतारूस कधींच कळत नाहीं. खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्या मनुष्याचा व वाळूवर घर बांधणाऱ्या मूर्खाचा दृष्टांत आमच्या शाळेंत सर्वांनीं ऐकलेला आहे. दोन्ही घरें वरून सारखींच दिसत असलीं पाहिजेत. पूर येईपर्यंत त्यांतील भेद कोणास कळला नाहीं. वालचंदांचा धंदा नेमका या भेदावर उभा होता.

त्यांचें दुसरें मोठें काम म्हणजे मुंबईच्या पाण्याचें. तानसा नदीवरचें दगडी धरण १८९२ सालीं पुरें झालें होतें. परंतु शहर वाढत गेलें आणि तलावांतून आणखी पाणी आणणें भाग पडलें. तानसाहून मुंबईपर्यंत प्रचंड नळ घालण्याच्या कामांत वालचंदांच्या कंपनीचा मोठा वांटा होता. पाण्याच्या नळांशीं त्यांचा असा जो संबंध आला, तो पुढें कायमचा झाला. १९२६ सालींच त्यांनीं इंडियन ह्यूम पाइप कंपनी स्थापन केली. हे ह्यूम पाइप म्हणजे रस्त्याच्या कडेस मोरीसाठीं आणून ठेवलेले सिमेंटचे मोठे नळ. त्यांत शिरून लपंडाव न खेळलेला मुलगा विरळा.

या नळाची घडण समजण्यास आधीं सिमेंटाची ओळख पाहिजे. आपले जुने वाडे व देवळें चुन्यांत बांधलेलीं आहेत. चुनखडी भाजून, विझवून, वाळूबरोबर बैलाच्या घाणींत मळून तो चुना तयार होई. तो उत्तम, पण हळूहळू घट्ट होणारा. इंग्लंडांत जोसेफ अॅस्पडिन यानें १८२४ सालीं पोर्टलंड सिमेंटाचें पेटंट घेतलें. चुनखडी व चिकणमाती एकत्र भट्टींत जाळून जे खडे होतात, त्यांत थोडा जिप्सम घालून बारीक दळलें कीं हें सिमेंट होतें. तें पाण्याखालींहि घट्ट होतें. हिंदुस्थानांत पोरबंदर येथें १९१४ सालीं सिमेंटाचा कारखाना सुरू झाला, आणि तेथून पुढें परदेशी पिंपांवरील अवलंबन कमी होऊं लागलें.

सिमेंट, वाळू, खडी व पाणी मिळून काँक्रीट होतें. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू व चार भाग खडी हें त्याचें पूर्वापार प्रसिद्ध प्रमाण. खडीमधल्या फटी वाळूनें भराव्या, वाळूमधल्या फटी सिमेंटानें, असें त्यांतील तत्त्व आहे. पाणी मात्र बेतानेंच घालावें लागतें. गवंड्यास पातळ माल पसरणें सोपें जातें, म्हणून तो पाणी वाढवितो; पण तें अधिक पाणी वाळून गेलें कीं मागें सूक्ष्म छिद्रें उरतात व काँक्रीट कमजोर होतें. उलट, एकदां घट्ट झाल्यावर त्यास कित्येक दिवस भिजत ठेवावें लागतें. कारण सिमेंट वाळून कठीण होत नाहीं, तर पाण्याशीं संयोग होऊन कठीण होतें. घर बांधणाऱ्या पालकांनीं एवढ्या दोन गोष्टी पाळल्या तरी त्यांचे पुष्कळ पैसे वांचतील.

काँक्रीटचा स्वभाव दगडासारखाच. दाब सोसतें, ताण सोसत नाहीं. पोलाद ताण सोसतें. म्हणून जेथें ताण पडेल तेथें पोलादी सळया घालून दोहोंची जोडी जमवितात. उष्णतेनें दोन्ही जवळजवळ सारख्याच प्रमाणांत वाढतात, त्यामुळें ही जोडी उन्हाळ्या-हिवाळ्यांत फुटत नाहीं. आणि सळईभोंवतीं काँक्रीटचें पुरेसें आवरण असल्यास ती गंजत नाहीं. आवरण पातळ राहिलें तर ओल आंत शिरते, सळई गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीटच्या खपल्या पडतात.

आतां पाण्याच्या नळाचा विचार करूं. आंतील पाणी नळाच्या भिंतीस सर्व बाजूंनीं बाहेर ढकलीत असतें, म्हणजे नळ फाटण्याच्या बेतांत असतो. बैलगाडीच्या चाकास लोहार तापवलेली लोखंडी धाव चढवितो. ती निवतांना आंवळते आणि चाकाचे लाकडी तुकडे घट्ट धरून ठेवते. नळाच्या अंगांतील पोलादी कडीं हेंच काम करतात. परंतु भोंवतालचें काँक्रीट सच्छिद्र असेल तर पाणी झिरपून जाईल. या अडचणीवर ऑस्ट्रेलियांतील वॉल्टर ह्यूम यानें १९१० सालीं युक्ति काढली. ओली छत्री गरगर फिरविली म्हणजे पाण्याचे थेंब बाहेर फेंकले जातात. त्याचप्रमाणें पोलादी सांगाडा बसविलेला सांचा आडवा ठेवून वेगानें फिरवावयाचा, आणि त्यांत काँक्रीट सोडावयाचें. तें सांच्याच्या भिंतीवर सारख्या जाडीनें दाबून बसतें, आणि जास्तीचें पाणी पिळून आंतल्या पोकळींत निघून येतें. असा नळ घट्ट, गुळगुळीत व टिकाऊ होतो. परदेशांतून ओतीव लोखंडाचे महाग नळ आणण्याऐवजीं आपल्याच देशाचें सिमेंट, वाळू व खडी वापरून ते येथेंच तयार करतां येऊं लागले. ज्या नगरपालिकांस लोखंडी नळ परवडत नव्हते, त्यांस हा मार्ग मोकळा झाला.

पुलांचींहि मोठीं कामें वालचंदांच्या कंपन्यांनीं केलीं. पंजाबांत सिंधु नदीवरील कालाबागचा पूल व ब्रह्मदेशांतील ऐरावती नदीवरील पूल हीं त्यांतील मुख्य. अशा नद्यांच्या तळाशीं खोलपर्यंत वाळू असते, आणि पुराच्या वेळीं ती पायाजवळून खरडून निघते. म्हणून वाळूंत पाया घेण्याची एक रीति अशी आहे कीं, वर बांधीव विहीर उभारावी, तिच्या आंतील वाळू उपसावी, म्हणजे ती आपल्याच भारानें खालीं बसत जाते. पुरेशा खोलीवर गेली कीं तळ बंद करून तिच्यावर खांब उभारावा. पुराचें बळ काय असतें हें सांगलीकरांस सांगणें नको. आयर्विन पूल १९२९ सालीं खुला झाला, आणि कृष्णेचें पाणी किती फुटांवर गेलें हें आजहि तेथेंच पाहतात. २००५ व २०१९ च्या महापुरांत सारें गांव पाण्याखालीं असतां लोकांचे डोळे त्या पुलाकडे लागले होते.

बांधकामांत मिळालेल्या अनुभवावर वालचंदांनीं जे इतर उद्योग उभारले, त्यांचा उल्लेख संक्षेपानेंच करतों. १९१९ सालीं त्यांनीं सहकाऱ्यांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. तिची ‘लॉयल्टी’ ही बोट त्या वर्षींच्या ५ एप्रिल रोजीं मुंबईहून लंडनकडे निघाली. तो दिवस आपल्या देशांत राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. नाशिक जिल्ह्यांतील रावळगांव व इंदापूर तालुक्यांतील वालचंदनगर येथें माळरानावर उंसाचे मळे व साखर कारखाने झाले. डिसेंबर १९४० मध्यें म्हैसूर सरकारच्या साह्यानें बंगळूर येथें विमानांचा कारखाना निघाला. १९४१ सालीं विशाखापट्टणम येथें जहाजबांधणीच्या गोदीचा पाया डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते घातला गेला, आणि तेथें बांधलेलें ‘जलउषा’ हें जहाज १४ मार्च १९४८ रोजीं पंडित नेहरूंनीं पाण्यांत सोडलें. १९४४ सालीं मोटारींचा कारखाना निघाला. सातारा जिल्ह्यांत सातारा रोड येथें सर धनजीशा कूपर यांनीं लोखंडी नांगरांचा व इंजिनांचा जो कारखाना काढला होता, तोहि १९४० च्या सुमारास वालचंदांच्या व्यवस्थेखालीं आला.

इतके उद्योग एकाच माणसानें अंगावर घ्यावे, हें सर्वांस रुचलें असें नाहीं. एक काम मार्गास लागण्यापूर्वीं ते दुसऱ्यास हात घालतात, कर्ज काढून मोठीं स्वप्नें पाहतात, असा आक्षेप त्यांच्यावर येई, आणि तो अगदींच निराधार नव्हता. विमानांचा कारखाना १९४२ सालीं सरकारनें आपल्याकडे घेतला. विशाखापट्टणमची गोदीहि पुढें सरकारकडे गेली. त्यांनीं लाविलेल्या कित्येक झाडांची फळें त्यांच्या हातीं राहिलीं नाहींत. परंतु झाडें उभीं राहिलीं, आणि हिंदी लोकांस हें जमणार नाहीं असें म्हणणाऱ्यांचें तोंड बंद झालें.

आणखी एक गोष्ट येथें सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. वालचंदांनीं बोगदे पाडले असें आपण म्हणतों. परंतु भोकें पाडणारे, दगड फोडणारे, माती वाहणारे हात निराळे होते. आपल्या महाराष्ट्रांत हीं कामें वडार, बेलदार, पाथरवट व अशाच कष्टकरी लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या केलीं आहेत. पालांत राहून, कामामागून काम फिरत, त्यांनीं बांधलेल्या रस्त्यांवरून व पुलांवरून आपण शाळेंत येतों. त्यांच्या मुलांस मात्र शाळा लाभण्यास फार दिवस लागले. मालकाचें धाडस, अभियंत्याचें गणित आणि मजुराचा घाम या तिहींवांचून कोणतीहि इमारत उभी राहत नाहीं. पहिल्याचें नांव पाटीवर येतें, दुसऱ्याचें नकाशावर राहतें, तिसऱ्याचें कोठेंच राहत नाहीं. उद्यां जे विद्यार्थी अभियंते होतील त्यांनीं आपल्या कामावरील तिसऱ्याचें नांव तरी विचारावें, एवढी आमची अपेक्षा आहे.

१९४९ सालीं वालचंदांस पक्षाघाताचा झटका आला व त्यांस उद्योगांतून निवृत्त व्हावें लागलें. ८ एप्रिल १९५३ रोजीं गुजराथेंतील सिद्धपूर येथें त्यांनीं देह ठेवला. त्यांचें वय तेव्हां सत्तर वर्षांचें होतें.

त्यापूर्वींच सांगलीस एक बीज रुजलें होतें. देश स्वतंत्र झाला त्या १९४७ सालींच धोंडूमामा साठे यांनीं तेथें न्यू इंजिनिअरिंग कॉलेज स्थापन केलें. आरंभीं तेथें पदवीसाठीं एकच शाखा होती, आणि ती स्थापत्य अभियांत्रिकीची, म्हणजे रस्ते, पूल, धरणें व इमारती बांधण्याच्या विद्येची. १९५५ सालीं त्या संस्थेस वालचंदांचें नांव देण्यांत आलें, व तेथील शाखाहि वाढल्या. ज्यानें अभियांत्रिकीची पदवी घेतली नाहीं त्याच्या नांवानें हजारों अभियंते पदवी घेऊन बाहेर पडले, हा योग मोठा विलक्षण खरा. पण त्यांत एक अर्थ आहे. हिंदी माणूस मोठें काम करूं शकतो कीं नाहीं, हा प्रश्न वालचंदांच्या पिढीपुढें होता, व त्यांनीं तो सोडविला. आज तो प्रश्न उरलेला नाहीं. आजच्या विद्यार्थ्यांपुढें दुसरा प्रश्न आहे. जें काम मातीखालीं जाणार आहे, ज्याचें माप पुन्हां कोणी घेणार नाहीं, तें आपण चोख करूं कीं नाहीं? सिमेंटाचें प्रमाण, सळईवरचें आवरण, पायाची खोली यांबद्दल कोणी न पाहतांहि आपण प्रामाणिक राहूं कीं नाहीं?

या प्रश्नाचें उत्तर परीक्षेच्या कागदावर लिहून भागत नाहीं. तें वीस-पंचवीस वर्षांनीं, एखाद्या पावसाळ्यांत, नदीला पूर आला असतां, आपण बांधलेल्या पुलाकडे पाहून मिळतें. आमच्या शाळेंतील जीं मुलें व मुली हा मार्ग पत्करतील, त्यांच्या पुलांवरून त्या रात्रीं लोक निर्धास्त ये-जा करोत, हीच आमची परमेश्वरापाशीं प्रार्थना आहे.